पहारा हवा तो पैसे उतरणाऱ्या खात्यावर

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई



ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, मोहाला बळी पडू नका, हे आपली बँक वर्षानुवर्षे सांगत आली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावर किंवा फेसबुकवर ओळख वाढवायची, प्रेमाचे नाटक करायचे आणि परदेशातून भेटवस्तूंचे पार्सल पाठवल्याचे सांगून लुबाडायचे, हा जो धंदा चालला आहे, त्याच्यापुढे हा उपदेश तोकडा पडतो. तो का पडतो, हे पाहिले की हे पत्र पोलिसांना न लिहिता आपल्याला का लिहिले, तेही कळेल.

या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. लंडनमधला डॉक्टर, अमेरिकी सैन्यातला अधिकारी किंवा समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनिअर. बहुधा विधुर, पदरी एखादे मूल, बोलणे अतिशय अदबीचे. पुरुष सावज असेल तर पलीकडे परदेशस्थ विधवा असते, एवढाच फरक. कित्येक आठवडे रोज विचारपूस होते आणि पैशाचा विषय निघतच नाही. विश्वास बसतो तो त्यामुळेच. मग वाढदिवसाचे निमित्त होते. दागिने, फोन आणि पौंडांच्या नोटा भरलेल्या खोक्याचा फोटो येतो, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक येतो. त्यानंतर दिल्ली विमानतळावरच्या ‘कस्टम अधिकाऱ्याचा’ फोन. आधी काही हजारांची ड्युटी. ती भरली की खोक्यात परकीय चलन सापडल्याचा दंड, मग मनी लाँडरिंगचे प्रमाणपत्र, मग चलन बदलून देण्याचे शुल्क. मागणी वाढत जाते आणि नकार दिला की अटकेची धमकी मिळते. आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे भरले जातात.

यातले कस्टम्सचे सोंग खरे तर सहज उघडे पडण्याजोगे आहे. भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. अपवाद जीवरक्षक औषधे आणि राखीचा. टपालाच्या पार्सलवर शुल्क लागलेच तर ते पोस्टात, पार्सल ताब्यात घेताना भरायचे असते. कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. फोन करून खासगी खात्यात पैसे भरायला आम्ही सांगत नाही, हे मंडळाने वारंवार जाहीर केले आहे. (‘पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर किरकोळ रक्कम भरा’ असा इंडिया पोस्टच्या नावाने येणारा एसएमएस याच गोत्रातला.) हे सगळे जाहीर असूनही शिकलेसवरलेले लोक फसतात, आणि मग आपण त्यांच्या अकलेवर बोलतो.

प्रश्न अकलेचा नाही. ज्या घटकेला सावध व्हायचे, त्याच घटकेला ते माणूस सर्वांत एकटे असते. नाते घरच्यांपासून लपवलेले असते आणि लोक काय म्हणतील या भीतीने कुणाला विचारायची सोय उरलेली नसते. बँकेत चौकशी झाली तर काय सांगायचे, हेही भामट्याने आधीच पढवून ठेवलेले असते. त्याचे नाव खोटे, फोटो खोटा, पार्सल खोटे. या साखळीत खरी असावीच लागते अशी एकच वस्तू आहे: पैसे उतरणारे खाते. बहुतेक वेळा ते भारतातल्याच बँकेत, कुणाच्या तरी आधार-पॅनवर केवायसी करून उघडलेले आणि थोड्या मोबदल्यात भाड्याने दिलेले असते. एरवी ज्यात जेमतेम शिल्लक असते, त्या खात्यात एका दुपारी निरनिराळ्या राज्यांतून लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत पुढे पसार होतात. फसलेल्या माणसाला ही हालचाल दिसत नाही, पैसे घेणाऱ्या बँकेला दिसते. अशी खाती हुडकण्यासाठी आपल्याच इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली घडवली आहे. म्हणजे ती ओळखता येतात, हे आपणही मानता.

यावर पहिला आक्षेप असा की पैसे स्वतःच्या हाताने पाठवले, त्यात बँकेचा काय दोष? जुलै २०१७ च्या आपल्या परिपत्रकानेही संरक्षण दिले ते ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना. आक्षेपात तथ्य आहे. सरसकट भरपाई सुरू झाली तर बेफिकिरी वाढेल, संगनमताने खोटे दावेही होतील. म्हणून माझी मागणी तशी नाही. पण सगळा तोटा पाठवणाऱ्याच्या माथी आणि भाड्याचे खाते सांभाळणारी बँक नामानिराळी, ही वाटणी कुठल्या न्यायात बसते? ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक केली. ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ती नाकारता येते, आणि जी द्यावी लागते तिचा निम्मा भार पैसे घेणाऱ्या बँकेवर पडतो. मला महत्त्वाचा वाटतो तो हा निम्मा भार. खाते उघडताना आणि सांभाळताना डोळ्यांत तेल घालण्याचे कारण त्याने बँकेला मिळते.

दुसरा आक्षेप वेगाचा. यूपीआयवर महिन्याला दीड हजार कोटींहून अधिक व्यवहार होतात. त्यात अडथळे घातले तर सारे ठप्प होईल, असे म्हणतात. पण भाजीवाल्याला, वाण्याला, घरमालकाला दिलेल्या पैशांना कुणी हात लावा म्हणत नाही. अनोळखी व्यक्तीच्या खात्यात पहिल्यांदाच जाणारी मोठी रक्कम काही तास अडवून ठेवावी, एवढेच म्हणणे आहे. अशा विलंबाची चर्चा आपल्याकडेही अधूनमधून होते. भामट्याचे हत्यार घाई हेच असते. तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांकही पैसे खात्यात असेपर्यंतच कामाचा. एनईएफटी-आरटीजीएसमध्ये खातेदाराचे नाव दिसण्याची सोय आपण २०२५ मध्ये करून दिलीत, ते चांगलेच झाले. पण ‘हा कस्टम्सचा एजंट आहे’ एवढ्या थापेने ती निष्प्रभ होते. नावाखाली आणखी एक ओळ हवी: हे खासगी बचत खाते आहे, सरकारी शुल्क अशा खात्यात भरले जात नाही. प्रौढ माणसाने कुणावर प्रेम करावे यात बँकेने नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. मान्य. त्या ओळीत प्रेमाची चौकशी नाहीच, माहिती आहे ती फक्त खात्याची.

तेव्हा विनंती अशी: अनोळखी खात्यात प्रथमच जाणाऱ्या मोठ्या रकमेला विलंब लावावा, पडद्यावर खात्याचा प्रकार दाखवावा आणि वेळीच न गोठवलेल्या भाड्याच्या खात्याच्या तोट्यात ते सांभाळणाऱ्या बँकेला वाटेकरी करावे. या उपायांना वेळ लागणार असेल तर निदान एक गोष्ट लगेच करता येईल. फसवणुकीचे पैसे कोणत्या बँकेच्या किती खात्यांत उतरले, याचे आकडे दर तिमाहीला बँकनिहाय जाहीर करावेत. आपली ठेव कुठे ठेवायची, हे खातेदार मग त्यावरून ठरवतील.

आपला,
एक खातेदार