बऱ्हाणपूरची सहल आणि साखरेची गोळी

हिवाळा लागला की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टरसाहेब, आम्ही चार-पाच मित्र शनिवार-रविवार कुठेतरी जाऊन येतो. चालेल ना?" मी नेहमी हो म्हणत आलो. गोळ्या सोबत ठेवा, एवढेच वरून सांगायचो. गेल्या हिवाळ्यापासून मात्र मीच उलट विचारतो, "पहिल्या दिवशीचा नाश्ता कुठे करणार आणि किती वाजता?" माणूस गोंधळून माझ्याकडे पाहतो. या प्रश्नामागे काय घडले ते वाचकांना सांगतो.

आम्ही पाच शाळूसोबती, तिघे अमरावतीचे आणि दोघे अकोल्याचे. सगळे साठीला आलेले. चिखलदरा, शेगाव कितीदा झाले, म्हणून यावेळी बऱ्हाणपूर ठरले. हे शहर वऱ्हाडाच्या दारात आहे, पण आपली पावले तिकडे फारशी वळत नाहीत. भुसावळला गाडी बदलली की पुढे तासाभराचा रस्ता. फारुकी सुलतानांची ही राजधानी, १६०१ मध्ये अकबराकडे गेली. बाळापूरला ज्यांची छत्री आपण पाहतो ते मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये येथेच वारले. आणि मुमताजमहल १६३१ साली येथेच गेली, चौदाव्या बाळंतपणात. आग्र्याला नेण्याआधी तिचे दफन तापीपलीकडे झैनाबादेत झाले होते. ताजमहाल पाहणाऱ्याला हे बाळंतपण सहसा आठवत नाही. मला डॉक्टर म्हणून तेच आधी आठवते.

आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाने कागदावर झकास आराखडा केला. शनिवारी शाही किल्ला, तिथला हमाम, जामा मशीद, झैनाबाद, राजाची छत्री, कुंडी भंडारा. रविवारी असीरगड. मी तो कागद वाचून वाहवा केली. त्यात जेवणाचे नाव कुठेच नव्हते, हे मलाही दिसले नाही.

भुसावळला गाडी दोन तास उशिरा. आमच्या अकोल्याच्या मित्राला बारा वर्षांपासून मधुमेह. त्याने रोजच्या सवयीने सातला गोळी घेतली. नाश्ता पोचल्यावर करू, असा हिशेब. पोचायला साडेदहा वाजले. वेळ भरून काढायचा म्हणून रिक्षा थेट किल्ल्यावर. मी हमामापाशी उभा राहून मुमताजची गोष्ट रंगवून सांगत होतो आणि हा मित्र उगाच रिक्षावाल्याशी भांडायला लागला. डिसेंबर महिना, आणि कपाळावर घाम.

"काय झालं बे?"

"मले काई झालं नाई. तुम्ही चाला ना!"

एकजण म्हणाला, "म्हातारा झाला बे हा." सगळे हसले. तीस वर्षे नाडी पाहणारा मीसुद्धा हसलो. मग त्याला स्वेटरचे बटण लावता येईना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोरच्या चहाच्या टपरीवरून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी तो विचारतो, "सारे असे उभे काऊन?"

एक मित्र धावत जाऊन तिथली प्रसिद्ध मावा जिलेबी घेऊन आला होता. हेतू चांगला, पण अशा वेळी ती नको. मावा-तुपामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. साधे साखरपाणी किंवा ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे आणि नंतर पोळी-भाजी खायला घालावी. गोळीचा अंमल दिवसभर असतो, साखर पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. सगळ्याच गोळ्यांनी असे होत नाही. इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी होते, नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा नाही. आपली गोळी कोणती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरला विचारावे. आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

मला लागली ती गोष्ट रात्री धर्मशाळेत कळली. भुसावळपासूनच त्याचे हात कापत होते. बोलला का नाहीस, विचारले तर म्हणाला, "मागच्या वर्षी मी थांबा म्हटलं तं तुम्ही महिनाभर चिडवलं."

आपण मित्र म्हणून जो दंगा करतो त्यात ही एक वाईट खोड आहे. गोळ्या काढल्या की टोमणा, लघवीला थांबला की टोमणा. मग माणूस पाणी कमी पितो, इन्शुलिन लपवून घेतो, नाही तर घेतच नाही. दोष त्याचा नाही. माझे मत स्पष्ट आहे: पाचजणांत जो सर्वांत हळू चालतो त्याच्या पायांनी सहल आखावी. दोन दिवसांत चार ठिकाणे पुष्कळ झाली. कोणाची कोणती गोळी, हे सोबतच्या किमान एकाला ठाऊक असावे आणि प्रत्येकाच्या खिशात साखरेची पुडी असावी. आणि हो, अकोल्याचा उन्हाळा चुकवायला कोणी मे महिन्यात बऱ्हाणपूर गाठू नये, ते आगीतून फुफाट्यात जाणे होईल.

असीरगड आम्ही सोडून दिला. रविवारी पोटभर नाश्ता करून सावकाश कुंडी भंडारा पाहिला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी केवळ उताराच्या जोरावर जमिनीखालून शहराकडे आणणारी, १६१५ च्या सुमाराची ही विहिरींची रांग. झाकलेले पाणी घाणीपासून वाचते, हे त्या लोकांना चांगले कळत होते. आमचा मित्र काठावर बसून तासभर ते पाहत राहिला. कोणी घाई केली नाही.

यंदा अचलपूर आणि जमले तर गाविलगड ठरतो आहे. कागद यावेळी त्यानेच लिहायला घेतला. पहिली ओळ अशी: परतवाडा, सकाळी साडेआठ, पोहे.