चार भोकांसाठी कोण येतं?

"ड्रिल? तुला कशाला हवंय ड्रिल?"

हा प्रश्न मला आत्तापर्यंत दहा जणांनी तरी विचारला असेल. मिक्सर घेतला तेव्हा कोणी विचारला नव्हता. मिक्सरसुद्धा मोटरच आहे, फक्त उभी. पण ती ओट्यावर असते ना, मग ती बाईची. हीच मोटर आडवी करून तिला पिस्तुलासारखी मूठ लावली की ती एकदम पुरुषाची होते.

तर आधी काय झालं ते सांगते. माझ्या सासूबाईंचं वय ८१. डॉक्टरांनी सांगितलं, बाथरूममध्ये धरायला एक दांडा बसवून घ्या. नवऱ्याने त्याच संध्याकाळी स्टीलचा दांडा आणला. मग तो दांडा खोक्यासकट वॉशिंग मशीनवर पाच आठवडे पडून राहिला. नवरा म्हणाला, "रविवारी बघू." रविवारी बघितलं, पण नुसतंच. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मी चार वेळा फोन केला. शेवटी तो अगदी सरळपणे म्हणाला, "ताई, चार भोकांसाठी कोण येतं? आणखी दोन-तीन कामं साठवून ठेवा, मग येतो."

मी कामं साठवत बसले. सहाव्या आठवड्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. आणि दांडा? तीन पावलांवर, खोक्यात.

मला त्या इलेक्ट्रिशियनचा अजिबात राग नाही. त्याचं बरोबरच होतं. गाडी काढून, मशीन घेऊन, तीन मजले चढून चार भोकं पाडायची म्हणजे त्याचा अर्धा दिवस गेला. राग येतो तो मला "अगं, माणूस बोलव ना!" म्हणणाऱ्यांचा. कुठला माणूस? आणून दाखवा.

आता शहाण्यांकडे वळू. मॅनेजमेंट शिकलेला कोणीही भेटला की हार्वर्डच्या थिओडोर लेविट यांच्या नावाने एक गोष्ट ऐकवतोच. गिऱ्हाइकाला ड्रिल नको असतं म्हणे, त्याला भोक हवं असतं. माझ्या भाच्याने मला हेच ऐकवलं, एमबीए झाल्याच्या पुऱ्या आत्मविश्वासाने. अरे बाबा, मला पाच आठवडे भोकच हवं होतं! भोक मागत बसले म्हणून तर ही वेळ आली. भोक मागणारा माणूस दुसऱ्याच्या सवडीवर जगतो. मला ती सवड हवी होती, आणि ती फक्त ड्रिलच्या खोक्यात मिळते.

दुसरे शहाणे वाटून घेणारे. रेचल बॉट्समन यांनी २०१० सालच्या भाषणात सांगितलं होतं की घरातलं ड्रिल त्याच्या आख्ख्या आयुष्यात जेमतेम बारा-तेरा मिनिटं चालतं. मग घ्यायचं कशाला, शेजाऱ्याचं आणा! हे वाक्य तेव्हापासून फिरतंय. माझं एवढंच म्हणणं आहे की मिनिटं मोजायचीच असतील तर पुरणयंत्रापासून सुरुवात करा. ते वर्षातून होळीला आणि फार तर आणखी एकदा निघतं, पण त्याचा हिशोब मागायची कोणाची टाप नाही. माझ्या दांड्याला लागलेली ड्रिलची मिनिटं पाचसुद्धा नसतील. त्या पाच मिनिटांची किंमत प्लॅस्टरच्या दुकानात विचारा.

आणि शेजाऱ्याचं ड्रिल आणून बघितलंय मी, बरं का. उसनं ड्रिल एकटं येत नाही, त्याच्याबरोबर एक पुरुष येतो. "सरका वहिनी, तुम्हाला नाही जमायचं." मग त्यांना चहा. मग आपण सांगितलेल्या जागेपेक्षा चार बोटं वर भोक, कारण "इथेच बरं दिसतं". ते पाडून झाल्यावर फरशीवर पडलेली भुकटी मात्र वहिनींनी झाडायची.

एक आक्षेप मला मनापासून टोचतो, तो कारागिराच्या पोटाचा. सगळ्यांनी घरीच भोकं पाडली तर त्याने काय करायचं? यावर मी बराच विचार केला. मी त्याचं जे काम घेतलं, ते तो करायला तयारच नव्हता. त्याची खरी कामं अजूनही त्याच्याकडेच जातात, कारण माझं ड्रिल ती करूच शकत नाही. खिडकीवर पडद्याचा रॉड लावायचा तर तिथे बहुतेक काँक्रीटची लिंटल असते. माझं ड्रिल तिथे नुसतं किंचाळतं, बिट लाल होतं आणि भोक नखाएवढंच. तिथे त्याचं मोठं रोटरी हॅमरच लागतं. तेव्हा मी त्याला बोलावते आणि तो मागेल ते देते.

ड्रिल घ्यायला बोहरी आळीत गेले तेव्हा एका दुकानदाराने "साहेबांना घेऊन या, ते बघून घेतील" असं सांगितलं. मी पुढच्या दुकानातून घेतलं. बिनवायरचंच घेतलं, १८ व्होल्टचं, हॅमरचं बटण असलेलं. वायरवालं त्याहून स्वस्त मिळत होतं आणि ताकदही जास्त होती, हे कबूल. पण ओल्या फरशीवरून एक्स्टेन्शन बोर्ड ओढत न्यायची माझी तयारी नव्हती.

आणि काय कठीण असतं हो त्यात? फरशीवर मास्किंग टेपची फुली मारायची, म्हणजे बिट घसरत नाही. हॅमर बंद. भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट लावून अगदी हळू फिरवायचं. टाइल पार झाली की बिट बदलायचं आणि मग हॅमर चालू. लाल भुकटी पडली की समजायचं वीट लागली, निर्धास्त पुढे जा. करडी आणि कडक लागली की काँक्रीट. नळाच्या आणि गिझरच्या सरळ वर-खाली जायचं नाही, आत पाइप असतो. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर जायचं नाही, तिथे वायर असते. भोकातली भुकटी फुंकून काढायची, गिट्टी ठोकायची, स्क्रू आवळायचे. नव्या इमारतींत हलक्या ठोकळ्यांच्या भिंती असतात, तिथे हॅमर लावायचाच नाही, भोक मोठं होऊन गिट्टी आतल्या आत फिरत बसते. वजन झेलायचं असेल तर त्या भिंतींच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात. पुरणपोळी याहून कठीण आहे. खरंच सांगते.

पहिलं भोक पाडताना माझे हात थरथरत होते, हेही सांगून टाकते. पण १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटलासुद्धा चंद्रावर बॅटरीवरच्या ड्रिलने ठरलेल्या खोलीपर्यंत भोक पाडता आलं नव्हतं. तेव्हा आपण कोण! (बिनवायरचं ड्रिल नासाने शोधलं असं सांगणारे भेटतात. ते खोटं आहे. ब्लॅक अँड डेकरने ते १९६१ सालीच बाजारात आणलं होतं.)

कंपन्यांशीही माझं भांडण आहेच. ड्रिलचं धड स्वस्त आणि बॅटरी महाग. बरं, एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या धडात बसत नाही. आत सगळीकडे तसेच लिथियमचे सेल असताना बाहेरचा खोबणीचा आकार तेवढा प्रत्येकाचा वेगळा ठेवायचा, ही चलाखी झाली. काहींच्या खोक्यावर २० व्होल्ट लिहिलेलं असतं, आत सेल पाचच. तेच पाच सेल, तेच १८ व्होल्ट, वाढला तो आकडा. म्हणून ज्यांना घ्यायचंय त्यांनी रंग-रूप बघू नका, त्या कंपनीची सुटी बॅटरी आपल्या गावात मिळते का ते आधी विचारा.

असो. दांडा लागला. लावल्यावर मी आधी स्वतः त्याला लटकून बघितलं, मग नवऱ्याला लटकवलं. तो बराच वेळ लटकून राहिला आणि काही बोलला नाही.

सासूबाईंनी प्लॅस्टर निघाल्यावर दोन दिवस दांड्याकडे संशयाने पाहिलं. तिसऱ्या दिवशी धरला. काल म्हणाल्या, "देवापुढून उठताना गुडघे धरतात गं. तिथे एक लागेल का?"

बॅटरी चार्जिंगला लावली आहे.