सातबारा नसलेल्याचा जामीन

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी घरी गेला, असा सर्वसाधारण समज आहे. वर्तमानपत्रात तशी बातमी येते आणि विषय संपतो. गरीब आरोपीची खरी परवड मात्र तेथूनच सुरू होते. जामिनाचा हुकूम ही केवळ परवानगी असते. तुरुंगाचे दार उघडते ते बंधपत्र स्वीकारले गेल्यावर.

बंधपत्राची कल्पना मुळात साधी आहे. ठरल्या तारखेस न्यायालयात हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम सरकारजमा करीन, असे आरोपीने लिहून द्यावयाचे. हा झाला जातमुचलका. त्याच्या जोडीला न्यायालय बहुधा जामीनदार मागते. जामीनदाराला त्या वेळी पैसे भरावे लागत नाहीत; आरोपी फिरकला नाही तर रक्कम आपण भरू, अशी तो हमी देतो. परंतु ती हमी पेलण्याची ऐपत त्याला कागदोपत्री सिद्ध करावी लागते. सातबाराचा उतारा, घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, प्रसंगी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला! जिल्हे ओलांडून ऊसतोडीला आलेल्या मजुराचे किंवा पालात राहणाऱ्या पारध्याचे नातलग हे कागद आणणार कोठून? मग न्यायालयाच्या आवारात भाडोत्री जामीनदार शोधायचा, सावकाराचे कर्ज काढायचे, नाही तर तुरुंगात खितपत पडायचे. किरकोळ गुन्ह्यातला आरोपी कित्येकदा सुटकेसाठी न केलेला गुन्हाही कबूल करून टाकतो.

हा अन्याय न्यायसंस्थेच्या ध्यानात आलेला नाही असे नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा खालच्या न्यायाधीशाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याचा भाऊ उभा राहिला असता, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट मोडीत काढून एक हजाराच्या जातमुचलक्यावर मोतीरामची सुटका केली. पुढच्याच वर्षी, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे कोंडलेल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात, न्यायमूर्ती भगवती यांनी आरोपीची पाळेमुळे समाजात रुजलेली असतील तर जातमुचलक्यावर सोडावे, असे बजावले.

पैशाचा धाक नसेल तर आरोपी पळून जाईल, हा नेहमीचा युक्तिवाद. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आणि संसार एका झोपडीत, तो पळून जाणार कोठे? उलट धनिकाला लाखाची रक्कम गमावण्याचे भय ते कितीसे? म्हणजे ज्याला धाक बसत नाही तो सुटतो आणि ज्याला धाकाची गरजच नाही तो कोंडला जातो.

2005 च्या दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यापुरती एक महत्त्वाची तरतूद केली: अटकेपासून आठवड्यात जामीन देता न आलेल्याला निर्धन समजून जामीनदाराविना सोडलेच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी आदेश दिले. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाला कळवावे; महिन्याभरात बंधपत्र भरले गेले नाही तर अटी शिथिल करण्याचा न्यायालयाने स्वतःहून विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्याची योजनाही आणली. मात्र स्वातंत्र्याची किंमत तिजोरीतून चुकती केल्याने, स्वातंत्र्याला किंमत लावण्याची रीत बदलत नाही.

2022 अखेर देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. त्यांतील सगळेच जामीनदाराअभावी अडकलेले होते असे नव्हे. परंतु जे त्यापायी अडकतात त्यांच्यासाठी भांडणारे कोणी नसते. ही उणीव कार्यकर्त्यांनी भरून काढावयाची आहे. जामीनपात्र गुन्ह्यात पोलीस ठाण्यातच जामीन मिळणे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे. हुकूम होऊनही कोण आत आहे, याची चौकशी करून विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिले पाहिजेत. आणि विधिमंडळात व संसदेत एकच मागणी लावून धरली पाहिजे: निर्धनाला जातमुचलक्यावर सोडण्याची सक्ती जामीनपात्र गुन्ह्यापुरती न ठेवता जामिनाच्या प्रत्येक हुकुमाला लागू करा, जामीनदार मागायचाच असेल तर न्यायाधीशांनी त्याची कारणे लिहून द्यावीत. कायद्यापुढे सारे समान असतील, तर तुरुंगाच्या दाराशी सातबारा विचारण्याचे कारण उरत नाही.