मूठ आपल्या हाताची हवी

बादलीला चीर पडली की आपल्या घरात काय करतात ते सांगायला नको. चुलीत विळा लाल करायचा, फुटक्या मगाचा तुकडा चिरेवर धरायचा आणि डागून टाकायचे. पाईप जोडायला कपलिंग नसले तर एका पाईपचे तोंड पेंढ्याच्या जाळावर धरून मऊ करायचे आणि दुसरा पाईप त्यात ठोकायचा. पीव्हीसीच्या धुराने डोळे चुरचुरतात, घसा धरतो, पण पाणी शेतात पोचते. प्लॅस्टिक तापले की वळते, हे शेतकऱ्याला कोणी शिबिर घेऊन शिकवलेले नाही.

आता ज्याला जाळ लागतच नाही असे एक प्लॅस्टिक मिळते. नाव लांबलचक आहे, पॉलिकॅप्रोलॅक्टोन. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात, म्हणजे बंबातल्या कढत पाण्यात टाकले की ते काचेसारखे पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटतात. डावाने बाहेर काढायचे, मळलेल्या पिठासारखे दाबायचे, हवा तो आकार द्यायचा. थंड झाले की पुन्हा पांढरे आणि टणक. आकार चुकला तर परत गरम पाण्यात. शहरातली हौशी मंडळी याचे कपाटाचे मुठे, टेबलाचे पाय, कॅमेऱ्याच्या खुंट्या करतात. मोठ्या इस्पितळांत अधू हाताला आधार देण्याच्या पट्ट्या याच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात. पदार्थ नवा नाही. नायलॉन शोधणाऱ्या कॅरोदर्सच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत १९३० च्या दशकात तो तयार झाला. आपल्या दारापर्यंत मात्र तो आलेला नाही, आणि आमचे म्हणणे आहे की तो यायला हवा.

कशासाठी? मुठीसाठी.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळा काढला. दातेरी पाते, वजनाला हलका. चांगले काम झाले, आम्ही त्याची शिफारस गावोगाव केली आहे. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची वाणे दिली. बियाण्यावर संशोधन झाले, खतावर झाले, पात्यावर झाले. पण दिवसभर जी हातात असते ती मूठ? ती कारखान्यातून एकाच मापाची येते. सहा फुटी गड्याला तीच आणि बारीक हाडाच्या बाईलाही तीच. भात कापणाऱ्या हातांत निम्म्याहून जास्त हात बायांचे असतात, हे बांधावर उभे राहून कोणीही मोजून घ्यावे. संध्याकाळी त्या मनगटाला तेल चोळतात. त्याला कामाचा शीण म्हणतात. आम्ही त्याला मापाची चूक म्हणतो.

पूर्वी ही चूक सुतार दुरुस्त करीत असे. पनवेल तर सुतारकामाचेच गाव. घाटावरून उतरणाऱ्या गाड्यांना चाके करून देणे हा या गावचा मुख्य धंदा होता, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. गाड्यांना रबरी धावा आल्या, मग गाड्याच गेल्या. आता पनवेलचा सुतार नव्या इमारतींत स्वयंपाकघराची कपाटे बसवतो. त्याला दोष नाही, त्याला तिथे दाम मिळतो. बलुत्याच्या पायलीवर त्याने विळ्याची मूठ तासत बसावे असे म्हणणारे आम्ही नाही. पण तो गेला आणि मूठ तासणारा उरला नाही, हेही खरेच.

गेल्या कापणीआधी तालुक्यातल्या एका वाडीवर आम्ही या दाण्यांचे एक पाकीट नेले. अंगणात चूल, जर्मनचे पातेले. प्लॅस्टिकच्या भांड्यात हे करू नये, गरम गोळा त्याला चिकटून बसतो. एका आजींची बोटे संधिवाताने वाकलेली, मूठ पुरती मिटत नाही. विळ्याच्या दांड्यावर मऊ गोळा लपेटला, त्यांनी तो दहा श्वास घट्ट धरला, मग गार पाण्यात बुडवला. पाचही बोटांच्या खोबणी उमटल्या. दोन वाफे कापून आल्या आणि म्हणाल्या, "हा विळा आता माझा. सुनेला देणार नाही."

सगळेच काही असे साधले नाही. दोन मुठी तिसऱ्या दिवशी दांड्यावरून घसरल्या. गुळगुळीत दांड्याला हे प्लॅस्टिक धरत नाही. आधी कानशीने खरवडावे, दोन भोके पाडावीत, नाहीतर सुतळीचे वेढे द्यावेत. एका भावाने कोयता दुपारभर पत्र्यावर ठेवला, संध्याकाळी मूठ बसलेली. उन्हात तापलेला पत्रा साठ अंशांना सहज भिडतो, तेव्हा हत्यार सावलीतच ठेवायचे. चुलीवरच्या भांड्याला, कुकरला, इंजिनाला हे कधीही लावू नये. फवारणी पंपाच्या गळतीलाही नाही. आपली बरीच औषधे झायलीनसारख्या द्रावकांत विरघळवलेली असतात आणि ती या प्लॅस्टिकला खातात. पाठीवर विष गळत ठेवून चार पैसे वाचवू नयेत.

हेच काम दोनशे वर्षांपूर्वी कोणी केले होते ते सांगण्यासारखे आहे. मलायातले रानात राबणारे मजूर एका झाडाचा चीक गरम पाण्यात मऊ करून आपल्या कोयत्यांना मुठी करीत. त्याचे नाव गटापर्चा. ईस्ट इंडिया कंपनीचा सिंगापूरचा डॉक्टर माँटगोमरी याने ती मूठ पाहिली आणि १८४० च्या दशकात नमुने विलायतेला धाडले. तिथल्या व्यापाऱ्यांना कळले की समुद्राखालच्या तारेला आवरण म्हणून याच्यासारखे दुसरे काही नाही. १८७० मध्ये मुंबई सुएझमार्गे विलायतेला जोडली गेली ती याच चिकाच्या आवरणातून. चिकासाठी झाडे आडवी पाडली गेली, रानेच्या राने उजाड झाली. शोध मजुराचा, पदक डॉक्टरला, नफा कंपनीला. म्हणून "शेतकऱ्याला तंत्रज्ञान काय कळते" असे कोणी म्हणाले की आम्हाला त्या कोयत्याची मूठ आठवते.

आता आक्षेप. पर्यावरणवाले मित्र विचारतात, पुन्हा प्लॅस्टिकच का? २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तुम्ही उलट्या दिशेने निघालात! बंदी एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर आली. हा पदार्थ मोडकी वस्तू फेकू नये म्हणून आहे, आणि विळा झिजला तर मूठ सोडवून दुसऱ्याला लावता येते. मातीत जिवाणू त्याला हळूहळू खातात. तो खनिज तेलापासूनच होतो, हे आम्ही लपवत नाही. पण आमचे डबल इंजिनाचे विमान उडत नाही, विळ्याची मूठ आहे.

दुसरा आक्षेप किमतीचा, आणि तो खरा आहे. साध्या प्लॅस्टिकच्या दाण्याच्या कित्येक पट भाव. एका मुठीला मूठभर दाणेच लागतात, पण आख्खे पाकीट एका घराने घेणे परवडत नाही. खते-औषधांच्या दुकानात हे पन्नास ग्रॅमच्या पुडीत मिळाले पाहिजे. अवजारे बँकेतून ट्रॅक्टर देणाऱ्या सरकारला पुडीची योजना सुचत नाही, कारण पुडीचे उद्घाटन करता येत नाही. सरकारची वाट न पाहता तालुक्याने मिळून किलोभर आणावे हे बरे.

ज्यांना याची सर्वात जास्त गरज आहे त्यांच्याबद्दल थोडे. आपल्याच तालुक्यात नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे आपोआप झडत नाहीत. हाताला वेदना कळत नाही म्हणून तो हत्यार गरजेपेक्षा जोरात दाबतो, फोड येतो, जखम चिघळते, आणि त्यातून बोट जाते. अशा हाताला जाड, पसरट, हाताबरहुकूम मूठ हवी म्हणजे दाब एका जागी येत नाही. मळणी यंत्रात बोटे गमावलेल्या आपल्या भावांचेही तेच. मात्र बधिर हाताने गरम गोळा स्वतः कधी हाताळू नये. पाण्याचा चटका काही सेकंदांत भाजतो आणि त्या हाताला कळत नाही. आकार दुसऱ्याने द्यावा, आपल्या गालाला लावून पाहावा, मगच त्या हातात द्यावा.

दापोलीच्या विद्यापीठाला आमचे सांगणे एवढेच, की विळ्याच्या पात्याची चाचणी घेतलीत तशी बायांच्या हातात देऊन मुठीचीही घ्या, आणि निकाल मराठीत छापा. तोवर आपण आपली नोंद ठेवू. कोणाचा विळा, कोणाचा हात, किती दिवस टिकली, कुठे घसरली.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन विळे आणि एक कोयता आणावा. ज्यांच्या हातासाठी मूठ करायची त्या बायांनी स्वतः यावे, नवऱ्याला पाठवू नये. कानस, सुतळी आणि पातेले आम्ही आणतो.