भुरट आणि धामण

राजस्थानच्या वालुकामय मुलखात पावसाळा सरत आला, की वाटसरूच्या वस्त्रास आणि मेंढीच्या लोकरीस बारीक काटेरी बोंडे चिकटू लागतात. ही भुरट गवताची फळे होत. महाराष्ट्रातील वाचकास कुसळ परिचित आहे. परंतु कुसळ म्हणजे दाण्याची लांब, ताठ शेपटी, तर भुरटाचे बोंड म्हणजे एक ते तीन कणिशकांभोवतीचे काट्यांचे कुंपण. रॉक्सबर्ग याच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात त्यास ‘सेंक्रस बायफ्लोरस’ असे नाव मिळाले.

याच कुलातील धामण, म्हणजेच अंजन गवत, हे उत्तम चाऱ्याचे तृण आहे. दोन्ही गवते कोवळी असता त्यांच्यात गफलत होते आणि मग ‘काटेरी गवत’ म्हणून धामणही उपटले जाते. ही चूक टाळणे अवघड नाही. धामण बहुवर्षायू आहे; त्याच्या जुन्या बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, आणि त्याच्या कणसावरील केस मऊ असतात. भुरट एका पावसाचे सोबती. त्याच्या काट्यांवर मागे वळलेले सूक्ष्म दात असतात. म्हणून रुतलेला काटा ओढला तरी सहजी सुटत नाही.

भुरटास सैल वाळू मानवते. थरपासून अरबस्तानापर्यंत आणि पुढे आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात ते विपुल आढळते. तेथे त्याची उत्तर सीमा इतकी ठळक आहे, की सहारा वाळवंटाची दक्षिण मर्यादा ठरविण्यासही भूगोलज्ञांनी तिचा आधार घेतला आहे.

भुरटास शत्रू मानणे मात्र सर्वस्वी न्याय्य नव्हे. बोंडे धरण्यापूर्वी गुरे ते आवडीने खातात. दुष्काळात मारवाडातील लोकांनी त्याचे दाणे कुटून, बाजरीच्या पिठात मिसळून दिवस काढले आहेत. जैसलमेर, बाडमेरकडील कुरणांत सेवण व धामण ही बहुवर्षायू गवते अतिचराईने खुरटली, की मोकळ्या वाळूत भुरट माजते. म्हणजे ते कुरणाच्या ऱ्हासाचे कारण नसून लक्षण होय. अशा ठिकाणी केवळ उपटणीवर पैसा व श्रम खर्च करणे व्यर्थ आहे; वाळूत पडलेली बोंडे पुढच्या पावसात पुन्हा उगवतातच. कुरणाचा काही भाग चराईस बंद ठेवून तेथे सेवण व धामण यांचे बी पेरावे, आणि भुरटाची कापणी करावयाचीच तर ती बोंडे हिरवी व मऊ असतानाच करावी.