दानाचा हिशेब

‘या हाताचे दान त्या हाताला कळू नये’ हे वचन आपण इतक्या भाबडेपणाने घोकत आलो आहोत, की त्यातला संकोच देणाऱ्यासाठी सांगितला आहे, घेणाऱ्यासाठी नाही, याचा विसरच पडला आहे. देणाऱ्याने मिरवू नये, हे खरे. पण घेणाऱ्याने हिशेब देऊ नये, असे कोणत्या धर्माने सांगितले? धर्मादाय संस्थांच्या आडून दहशतवादाला पैसा पुरवला जातो, त्याची चौकशी व्हावी, असे कुणी म्हटले की आपल्या विद्वान मंडळींत तत्काळ दोन तट पडतात. एकाला चौकशी म्हणजे श्रद्धेवरचा घाला वाटतो. दुसऱ्याला दात्याचा धर्म हाच पुरेसा पुरावा वाटतो. दोघांचेही चुकते आहे.

पहिल्या तटाने मुरीदकेकडे पाहावे. पाकिस्तानने जानेवारी २००२ मध्ये लष्कर-ए-तय्यबावर बंदी घातली. पण हाफिझ सईदची माणसे ‘जमात-उद-दावा’ या नावाने उजळ माथ्याने वावरत राहिली. शाळा, दवाखाने, रुग्णवाहिका, बकरी ईदला गोळा केलेल्या कातड्यांचा निधी, असा सारा संसार होता. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर त्यांच्या मदतकार्याची वाखाणणीही झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत १६६ माणसे मारली गेली आणि मग दोन आठवड्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या समितीने ‘जमात’ हे ‘लष्कर’चेच दुसरे नाव असल्याची नोंद केली. पुढे ‘फलाह-ए-इन्सानियत’ हे आणखी एक नाव आले. तेही २०१२ मध्ये यादीत गेले. दहशतवादाच्या वित्तपुरवठ्याबद्दल सईदला शिक्षा झाली ती थेट फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि तीही ‘एफएटीएफ’ने पाकिस्तानला २०१८ मध्ये करड्या यादीत टाकल्यानंतर.

‘पण जखमींना मलमपट्टी तर खरीच झाली ना?’ असे विचारले जाते. झाली, आणि नेमकी अडचण तीच आहे. पैशाला रंग नसतो. दवाखान्याचा खर्च दात्यांनी उचलला, की दुसरा पैसा बंदुकीसाठी मोकळा होतो. शिवाय दवाखान्याच्या पुण्याईवर नवी पोरे भरती होतात, ते वेगळेच.

आता दुसरा तट. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने ‘अल-बरकात’ या सोमाली हुंडी-जाळ्याची खाती गोठवली. परदेशी राबणाऱ्यांचा पैसा ज्या मार्गाने घरी पोचत होता, तो मार्गच बंद झाला. अल-कायदाला या जाळ्याने पैसा पुरवल्याचा आरोप ९/११ आयोगाच्या अभ्यासगटाला २००४ मध्ये पुराव्याने सिद्ध झालेला आढळला नाही. उलट, त्सुनामीनंतर मदत गोळा करणाऱ्या ‘तमिळ पुनर्वसन संघटने’ची मालमत्ता अमेरिकेने २००७ मध्ये गोठवली, ती तमिळ वाघांशी असलेल्या संबंधांमुळे. तेव्हा संशयाला धर्म चिकटवण्यात काय शहाणपण आहे? खुद्द ‘एफएटीएफ’लाही सरसकट सर्व सेवाभावी संस्थांना ‘विशेष असुरक्षित’ म्हणणारी भाषा २०१६ मध्ये बदलावी लागली. ती बदलेपर्यंत नावडत्या संस्थांची मुस्कटदाबी करू पाहणाऱ्या सरकारांना ती भाषा सोयीचीच होती.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. मुखपृष्ठावरचे नाव पाहून मत बनवू नका, संहिता वाचा, असे वर्गात नित्य सांगतो. चौकशीही एक वाचनच आहे. नाव बदलले, पण विश्वस्त तेच आहेत काय? पत्ता, खाते, सही करणारा हात तोच आहे काय? रोकड कुणाच्या हाती गेली, आणि ज्या गावात शाळा बांधल्याचे लिहिले आहे तिथे शाळा उभी आहे काय? महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याने सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांपुढे हिशेब मांडावे लागतात; त्यात गणपती मंडळाला अपमान वाटत नाही, मशिदीच्या न्यासालाही वाटण्याचे कारण नाही. मात्र हे प्रश्न सर्वांना सारखेच विचारले गेले पाहिजेत, आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाला गुन्हेगार म्हणता कामा नये. सत्पात्री दान हा शब्द आपण उगाच जपलेला नाही. पात्र कोणते, हे पाहण्याचे कष्ट दात्याने टाळले, तर ते काम शेवटी पोलिसांच्या वाट्याला जाते, आणि तेही बहुधा स्फोटानंतर.