जवळ जा म्हणणाऱ्यांना

दंगल, संचारबंदी, पाडापाडी झालेल्या शहराचे रुंद फोटो काढणं म्हणजे गच्चीवरून तमाशा बघणं, असं एका अनुभवी छायाचित्रकाराने अलीकडे बंगळूरच्या एका व्याख्यानात ठणकावून सांगितलं आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा: छायाचित्रकाराने माणसाच्या अगदी जवळ गेलं पाहिजे, पॅनोरमात माणूस मुंगीएवढा होतो आणि त्याचं दुःख देखावा बनतं, सगळं शहर एका पट्टीत बसवायची हौस मुळात जेत्यांची, आणि अशांत शहरात भाजी घेणारी, बस पकडणारी माणसं दाखवणं म्हणजे सगळं आलबेल असल्याची ग्वाही देणं. वर एक टोला: बेळ्ळंदूरसारख्या आयटीवाल्यांच्या उपनगरात राहून बैरूतचा आव आणू नये. मी बेळ्ळंदूरला राहतो आणि माझा कॅमेरा रुंद चौकटीचा आहे. तेव्हा टोला कुणाला होता, हे वेगळं सांगायला नको.

आधी 'जवळ जा' या मंत्राचं पाहू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. फोटो जमला नाही तर तुम्ही पुरेसे जवळ नव्हता, हा दंडक रॉबर्ट कापाच्या नावावर सांगितला जातो. कापा तो जगला. १९५४ साली इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून तो गेला. त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण एका माणसाचं धाडस पुढे सगळ्या जगासाठी नियम कसं झालं, हे मला कोडंच आहे. जवळ गेल्यावर चेहरा दिसतो, मान्य. चेहऱ्याच्या शेजारी काय होतं, ते मात्र चौकटीबाहेर जातं, आणि पुष्कळदा गुन्हा तिथेच असतो.

१९८४च्या भोपाळमध्ये मातीआड होणाऱ्या एका मुलाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. त्या छायाचित्रांनी जगाला हलवलं, ते योग्यच झालं. पण कारखान्यासमोरचा रस्ता ओलांडला की जयप्रकाश नगरची वस्ती सुरू होते, हे त्या चेहऱ्यात दिसत नाही. विषारी वायूची टाकी आणि झोपलेली माणसं यांच्यात किती जागा सोडली होती, हा प्रश्न त्या दुर्घटनेच्या मुळाशी आहे. अंतर दाखवायचं असेल तर त्याची दोन्ही टोकं चौकटीत मावली पाहिजेत. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने अंतर दाखवायची दुसरी रीत सांगावी.

जवळ गेल्याने माणसाचं भलं होतं, हेही गृहीतच. २००२च्या गुजरातेत हात जोडून उभा असलेला एक चेहरा घरोघरी पोचला. त्या माणसाने पुढे अनेकदा सांगितलं की त्या फोटोने त्याचं जगणं अवघड केलं. चेहरा सगळ्यांचा झाला आणि ज्याचा होता त्याला लपायला जागा उरली नाही. जवळ जाणाऱ्यांनी या गोष्टीचं उत्तर द्यायला हवं. व्याख्यानात तिचा उल्लेखही नव्हता.

आता आमच्या तलावाकडे या. सुमारे नऊशे एकरांचा बेळ्ळंदूर तलाव शहरातला सर्वांत मोठा. मे २०१५ मध्ये त्यावरच्या फेसाने पेट घेतला, फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली, आणि जानेवारी २०१८ची आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. फेस रस्त्यावर उडू नये म्हणून कडेला जाळ्या ठोकल्या गेल्या. या फेसाचे जवळून काढलेले फोटो जगभर फिरले: बर्फासारखे पांढरे ढीग, त्यातून वाट काढणारा स्कूटरवाला. त्यातले कितीतरी फोटो कुठल्याही गावचे म्हणून खपले असते. कॅमेरा जरा फिरवला असता तर प्रक्रिया न केलेलं सांडपाणी घेऊन येणारे नाले दिसले असते, आणि नाल्यांच्या वरच्या अंगाला साबणाचं पाणी सोडणारे आमचे मनोरे. फेस कुणाचा, हे रुंद चौकट सांगते. जवळच्या फोटोने नुसतं नवल दाखवलं.

याच बेळ्ळंदूरच्या करियम्मन अग्रहारात जानेवारी २०२० मध्ये पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या शेडी पाडल्या. ही सगळी बेकायदा आलेली बांगलादेशी माणसं, असा बोभाटा आधीच झाला होता. राहणाऱ्यांत आसाम, त्रिपुरा, बंगालची माणसं होती आणि उत्तर कर्नाटकातून आलेलीही होती. हातात आधार कार्ड, मतदार ओळखपत्र घेऊन ती उभी राहिली. काही दिवसांतच उच्च न्यायालयाने पुढची पाडापाडी थांबवली, पण पडलेली घरं पडली ती पडलीच.

त्या जागेची एक पट्टी माझ्याकडे आहे. डावीकडे मुडपलेले पत्रे, निळी ताडपत्री, उलटी पडलेली लोखंडी कॉट, गॅसच्या छोट्या सिलिंडरशेजारी बसलेली म्हातारी. मधे कुंपणाची भिंत, वर काटेरी तार. उजवीकडे सोसायटीचं गेट, आणि तिथल्या वहीत नाव लिहून आत कामाला जाणाऱ्या बायका. यांतल्या काहींची घरं त्या भिंतीपलीकडे आदल्या दिवशी पडली होती. वर बाल्कनीत कपडे वाळताहेत. त्या कपड्यांना हात लावणाऱ्या बाईचं घर कुठे होतं, हे एकाच चौकटीत दिसतं. व्याख्यात्यांच्या नियमाप्रमाणे मी म्हातारीच्या चेहऱ्यापुढे कॅमेरा नेला असता, तर गेट गेलं असतं, वही गेली असती, बाल्कनी गेली असती, आणि उरली असती कुठलीही एक दुःखी म्हातारी.

इथेच रोजच्या जगण्याबद्दलच्या आक्षेपाचं उत्तर मिळतं. घर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागणं हे आलबेल असल्याचं लक्षण नाही. तीच तर जखम आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं तेव्हा वाहिन्यांनी जळत्या बसगाड्या दिवसभर दाखवल्या. आमच्या आउटर रिंग रोडवर तेव्हा काहीच जळत नव्हतं. रिकामा रस्ता, अर्धं शटर वर केलेला दुधाचा बूथ, आणि तमिळनाडूच्या नंबरप्लेटवर चिखल फासणारा एक गाडीवाला. भीती कशी वावरते, हे जळत्या बसपेक्षा त्या चिखलात अधिक दिसलं.

जेत्यांच्या नजरेचा मुद्दा सर्वांत वजनदार, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. फेलिचे बिआतोने १८५८ साली लखनौ आणि दिल्लीचे पॅनोरमा काढले, ते इंग्रजी फौजेच्या मागोमाग येऊन. खरं आहे. पण त्याच बिआतोचं सर्वांत कुप्रसिद्ध चित्र कुठलं? सिकंदरबागेच्या आवारात विखुरलेल्या हाडांचं. हत्याकांड नोव्हेंबर १८५७ मधलं, आणि हाडं कॅमेऱ्यासाठी बाहेर काढून मांडली गेली, असं मानलं जातं. मांडणी त्या चित्रात होती. उलट इंग्रजांनी नंतर लखनौ चिरून रस्ते काढले, दिल्लीत लाल किल्ल्याजवळची वस्ती भुईसपाट केली, आणि जुनं शहर शोधायला आज अभ्यासक त्याच रुंद पट्ट्या उघडतात. नजर जेत्याची असेल, पण चौकट त्याच्यापेक्षा जास्त बोलून गेली.

अशा सोवळ्याची मला जुनी ओळख आहे. रंगीत फोटो म्हणजे बाजारूपणा, असं सांगणारे परीक्षक मी स्पर्धांतून पाहिले. पुढे डिजिटलला फोटो मानायचं की नाही यावर रात्री गेल्या. ते वाद कधी हरले गेले, कुणी सांगितलं नाही; वाद घालणारे गुपचूप नवा कॅमेरा घेऊन आले.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. जोडून केलेला पॅनोरमा एका क्षणाचा नसतो, म्हणे. मग तसं खाली लिहा. फिरत्या भिंगाच्या कॅमेऱ्यात भिंग फिरतं त्याच दिशेने जाणारी स्कूटर लांबते आणि उलट येणारी आखडते; हे लपवत नाही, हा त्या यंत्राचा प्रामाणिकपणा आहे. फोटो सुंदर दिसतो, ही तक्रार तर मी ऐकूनच घेत नाही.

राहिला बैरूतचा टोला. यादवी थांबल्यावर १९९१ साली बैरूतच्या मध्यभागाचे फोटो काढायला जे छायाचित्रकार बोलावले गेले, त्यांत योसेफ कौडेल्का होता, रुंद चौकटीचा कॅमेरा घेऊन. पुढे इस्रायलने पॅलेस्टिनी भूमीत उभारलेल्या भिंतीवरचं त्याचं पुस्तक २०१३ मध्ये आलं, तेही रुंद चौकटीत. तेव्हा बैरूतचं नाव घेऊन आम्हाला गप्प करू नका. आणि बंगळूर संघर्षाचं शहर नाही, हे ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या धसक्याने गुवाहाटीच्या खास गाड्यांत कोंबून घरी पळालेल्या ईशान्येच्या मुलांना सांगा.

माझी मागणी साधी आहे. ड्रोन नको, गच्ची नको. रस्त्यावर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर उभं राहा. दरवर्षी त्याच जागी, त्याच दिशेने एक रुंद चौकट घ्या. खाली तारीख, वेळ, दिशा आणि डाव्या-उजव्या कडेबाहेर काय होतं ते लिहा. पट्टी मोठी छापा आणि जिथली आहे तिथल्याच सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये लावा. बंगळुरातल्या मराठी छायाचित्रकारांना माझी विनंती आहे: या जानेवारीत करियम्मन अग्रहारापासून सुरुवात करू या. तलावाच्या काठची जागा नंतर ठरवता येईल.